मूत्रपिंडाचा विकार आणि खारा खाऊ : धान्य चालेल, मीठ मोजावे



ज्वारीच्या लाह्या, पातळ पोह्यांचा चिवडा, भडंग, चकली, कडबोळी, बाजरीच्या खारवड्या, तांदळाच्या पापड्या हा आपल्या घरातील नेहमीचा खाऊ. दुपारच्या चहाबरोबर, पाहुणा आला म्हणून, रानात जाताना फडक्यात बांधून, कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तो रोज पोटात जातो. घरातील एखाद्या व्यक्तीस मूत्रपिंडाचा म्हणजे किडनीचा विकार असल्याचे निदान झाले की या खाऊचे काय करावे, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर घरोघर दोन टोकांनी दिले जाते. काही घरांत लाह्या, पोहे, भाकरी, डाळ असे सगळेच बंद करतात. रुग्णाला दोन वेळच्या अळणी भातावर ठेवतात. त्याची अन्नावरची वासना उडते, वजन घटते, अंगातील शक्ती जाते. दुसऱ्या घरांत ‘मूठभर शेवेने काय होणार’ म्हणून पूर्वीचाच डबा पुढे ठेवला जातो. रात्रभर तहान लागते, सकाळी पायावर सूज दिसते आणि रक्तदाब औषधालाही दाद देत नाही. ही दोन्ही टोके टाळता येतात. खाऱ्या खाऊतील धान्य बहुतेक रुग्णांना बेताने चालते. मोजून घ्यावयाची गोष्ट आहे ती मीठ व मिठाची भावंडे. हा हिशेब कसा करावा, हे या लेखात सांगितले आहे.

मूत्रपिंडाचे काम

आपल्या कमरेच्या वरच्या भागात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर टाकते. या लघवीबरोबर युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये तसेच जादा झालेले सोडियम, पोटॅशियम व फॉस्फरस बाहेर जाते.

मधुमेह व वाढलेला रक्तदाब ही मूत्रपिंडे खराब होण्याची प्रमुख कारणे आहेत. मूतखडे, जंतुसंसर्ग आणि अंगदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेत राहणे हीही कारणे आढळतात. या गाळण्या हळूहळू निकामी होतात, आणि बराच भाग निकामी होईपर्यंत माणसाला फारसे काही जाणवत नाही. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन (अल्ब्युमिन) तपासून घ्यावे.

गाळण्यांची शक्ती कमी झाली की पूर्वी सहज बाहेर पडणारे मीठ अंगात साठू लागते. खाऱ्या खाऊचा संबंध येतो तो येथे.

मीठ पाणी धरून ठेवते

रुग्णालयात लावतात ती साधी सलाईन सर्वांनी पाहिली आहे. तिच्या दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. हा खारटपणा कायम राखण्याची शरीराची धडपड असते. त्यामुळे ९ ग्रॅम मीठ अंगात जादा साठले, तर शरीर त्याच्याबरोबर सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवते. खारे खाल्ल्यावर तहान लागते ती याचसाठी. निरोगी माणूस तांब्याभर पाणी पितो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मीठ व पाणी दोन्ही बाहेर पडतात. ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत त्याच्या अंगात ते राहते. पाय व चेहरा सुजतो, रक्तदाब चढतो, आणि प्रमाण वाढल्यास फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. त्याला लघवी थोडी होते किंवा होतच नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जेवढे पाणी पोटात जाईल, त्यातील बहुतेक अंगात साठते. अशा रुग्णास ‘पाणी कमी प्या’ असे वारंवार सांगूनही ते जमत नाही, कारण खाण्यातील मीठ तहान वाढवीत असते. मीठ कमी केले की तहान आपोआप कमी होते.

दिवसाचा मिठाचा हिशेब

मिठामध्ये सुमारे ४० टक्के सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढ माणसासाठीदेखील दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मि.ग्रॅ.पेक्षा कमी सोडियम, अशी मर्यादा सांगितली आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही हीच मर्यादा आहे. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मात्र प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ जात असल्याचे आढळले.

घरातील मापाने हिशेब असा :

१ सपाट चहाचा चमचा मीठ – सुमारे ५ ग्रॅम – सोडियम २००० मि.ग्रॅ.
अर्धा सपाट चमचा – २.५ ग्रॅम – सोडियम १००० मि.ग्रॅ.
पाव सपाट चमचा – १.२५ ग्रॅम – सोडियम ५०० मि.ग्रॅ.

चमचा सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचे मीठ निपटून घेतलेला. शिगोशीग भरलेल्या चमच्यात दीडपट-दुप्पट मीठ मावते. चिमटीचे माप धरू नये, कारण प्रत्येकाची चिमूट वेगळी असते.

आता नेहमीच्या चिवड्याचे उदाहरण घेऊ. अर्धा किलो पोहे, त्यात शेंगदाणे, डाळे, खोबरे व तेल धरून सुमारे ८०० ग्रॅम चिवडा तयार झाला आणि त्यात ४ सपाट चमचे, म्हणजे २० ग्रॅम मीठ घातले असे समजू. त्यातील ४० ग्रॅमच्या बशीभर चिवड्यात १ ग्रॅम मीठ येते. सकाळी एक बशी व संध्याकाळी एक बशी खाल्ली, तर दिवसाच्या ५ ग्रॅमपैकी २ ग्रॅम मीठ चिवड्यातच संपले. उरलेल्या ३ ग्रॅममध्ये दोन वेळची भाजी, आमटी, चटणी, लोणचे बसणे कठीण आहे.

घरी केलेल्या कोणत्याही पदार्थाचा हिशेब याच रीतीने करता येतो. एकूण किती चमचे मीठ घातले आणि तयार पदार्थाचे किती सारखे वाटे होतात, एवढे पाहावे. रुग्णाच्या एका वेळच्या खाऊतून अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त मीठ (सोडियम २०० मि.ग्रॅ.) जाऊ नये, असे धोरण ठेवावे. ज्या दिवशी चिवडा खावयाचा त्या दिवशी ताटातील लोणचे, पापड व खारी मिरची काढून टाकावी. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी पुष्कळ घरांत मिठाशिवायच थापतात. हा मोठा फायदा आहे. जेथे पिठात मीठ घालण्याची पद्धत आहे, तेथे ती बंद केली तरी दिवसाचे बरेच मीठ वाचते.

कोणते धान्य कसे

मिठाखेरीज पोटॅशियम, फॉस्फरस व प्रथिने या तीन गोष्टींचा विचार रुग्णाच्या आहारात करावा लागतो. त्या दृष्टीने आपली धान्ये पाहू. १०० ग्रॅम कच्च्या धान्यातील पोटॅशियमचे प्रमाण साधारण असे आहे :

पांढरा तांदूळ – ११० मि.ग्रॅ.
ज्वारी – ३३० मि.ग्रॅ.
बाजरी – ३६५ मि.ग्रॅ.
नाचणी – ४४० मि.ग्रॅ.
शेंगदाणे – ६८० मि.ग्रॅ.
हरभरा डाळ – ९५० मि.ग्रॅ.

यावरून एक गोष्ट दिसते. तांदूळ व ज्वारी-बाजरीपासून केलेल्या खाऊत पोटॅशियम कमी ते मध्यम असते, तर हरभरा डाळ, बेसन व शेंगदाण्यांत ते बरेच जास्त असते. म्हणजे लाह्यांच्या चिवड्यात पोटॅशियमची भर पडते ती लाह्यांपेक्षा त्यात घातलेले डाळे, दाणे, सुके खोबरे, काजू व बेदाणे यांमुळे. बेसनाची शेव, फरसाण, खारे फुटाणे, खारे शेंगदाणे आणि बटाट्याचा चिवडा या पदार्थांत मीठ व पोटॅशियम दोन्ही येतात. रक्तातील पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाने हे पदार्थ टाळावेत. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची पूर्वसूचना बहुधा मिळत नाही.

मात्र ज्याच्या रक्तातील पोटॅशियम ठीक आहे, त्याने भीतीपोटी डाळी, भाज्या, फळे सोडू नयेत. हे पथ्य रक्ताच्या तपासणीवर ठरते, शेजाऱ्याला काय सांगितले यावर ठरत नाही.

फॉस्फरस ज्वारी, बाजरी, गहू या सालीसकट धान्यांत जास्त दिसतो. परंतु धान्यातील बराचसा फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो व माणसाच्या आतड्यात तो पूर्णपणे शोषला जात नाही. कारखान्यातील पदार्थांत मिसळलेले फॉस्फेटचे क्षार मात्र बहुतांशी शोषले जातात. म्हणून ‘ज्वारी बंद, बिस्किटे चालू’ असा बदल रुग्णाच्या तोट्याचा आहे.

प्रथिनांच्या बाबतीत, मध्यम ते तीव्र विकार असलेल्या पण डायलिसिस न लागलेल्या प्रौढ रुग्णास शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीस ती ४४ ग्रॅम होतात. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते. अशा रुग्णाने चिवड्यानेच पोट भरू नये. त्याच्या जेवणातील डाळ, दूध, अंडी यांचे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवून देतात.

मिठाची भावंडे

पदार्थ खारट लागत नाही म्हणजे त्यात सोडियम नाही, असे समजू नये. खाऊत सोडियम पुढील वाटांनीही शिरते.

खाण्याचा सोडा व पापडखार : हे दोन्ही सोडियमचेच क्षार आहेत. १ सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, खाण्याच्या सोड्यात सुमारे १३५० मि.ग्रॅ. सोडियम असते. शेव, भजी, ढोकळा, खारी शंकरपाळी व पापड यांत मिठाच्या जोडीला हे येते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रक्तातील आम्ल कमी करण्यासाठी डॉक्टर काही रुग्णांना सोड्याच्या गोळ्या देतात. ते औषध आहे, ते मनाने बंद करू नये.

कुरमुरे : भट्टीत कुरमुरे फोडण्यापूर्वी तांदळाला बहुधा मिठाचे पाणी लावतात. म्हणून कोरडे कुरमुरेही खारट असतात. भडंगाला वरून पुन्हा मीठ लागते, ते वेगळेच. याउलट साळीच्या व ज्वारीच्या लाह्या सामान्यतः बिनमिठाच्या असतात. विकत घेताना एक दाणा जिभेवर ठेवून खात्री करावी.

अजिनोमोटो व तयार मसाले : अजिनोमोटोत मिठापेक्षा कमी, सुमारे १२ टक्के, सोडियम असते. चाट मसाला व चिवडा मसाला यांत मीठ हा मोठा घटक असतो. मसाला घालून वर पुन्हा मीठ घातले की प्रमाण दुप्पट होते.

तोंडी लावणे : कोवळ्या हुरड्यात मीठ नसते. हुरड्याबरोबरची लसूण-खोबऱ्याची व शेंगदाण्याची चटणी मात्र खारट असते. मक्याच्या कणसाला चोळलेले मीठ-लिंबू हाही तोच प्रकार. हुरडा किंवा कणीस खावे, सोबत नुसते लिंबू व तिखट घ्यावे.

‘कमी सोडियमचे’ मीठ रुग्णास देऊ नये

बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यात सोडियमचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसास त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु थकलेली मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, आणि हे मीठ जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून वगळले आहे. रुग्णाच्या भल्यासाठी म्हणून शहरातील नातेवाईक हे मीठ आणून देतात. म्हणून पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड किंवा त्याचा सांकेतिक क्रमांक ५०८ आहे का, ते पाहूनच मीठ घरात घ्यावे.

सैंधव, शेंदेलोण, पादेलोण यांविषयीही गैरसमज आहे. उपवासाला चालते म्हणून सैंधव रुग्णालाही चालते, असे नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे आणि त्याचा हिशेब साध्या मिठासारखाच करावा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा चालतो, परंतु त्यातील शेंगदाण्याचे कूट व बटाटा यांचे प्रमाण कमी ठेवावे.

कमी मिठाचा खाऊ : दोन कृती

मीठ पदार्थाच्या आत मुरले की जिभेला कमी जाणवते; वर राहिले की थोड्यातही चव येते. म्हणून मीठ मिक्सरमध्ये किंवा खलात पिठासारखे बारीक करून शेवटी भुरभुरावे. आंबट, तिखट व लसणीची चव वाढविली की मिठाची उणीव फारशी भासत नाही. सुरुवातीस खाऊ बेचव वाटतो, पण काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

१) ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा
साहित्य : ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या १०० ग्रॅम, तेल ४ चहाचे चमचे, लसूण ८-१० पाकळ्या, हिरव्या मिरच्या २, कढीपत्ता, मोहरी, जिरे, हिंग, हळद, आमचूर १ चमचा, बारीक केलेले मीठ अर्धा सपाट चमचा.
कृती : लाह्या चाळून गडंग (न फुटलेले दाणे) काढावेत आणि मंद आचेवर कोरड्याच गरम करून कुरकुरीत कराव्यात. तेलात मोहरी, जिरे, हिंग यांची फोडणी करून त्यात लसणाचे काप, मिरची व कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परतावा. हळद घालून लाह्या टाकाव्यात व हलक्या हाताने हलवावे. खाली उतरवून मीठ व आमचूर एकत्र करून भुरभुरावे.
या चिवड्याचे ६ सारखे वाटे करावेत. प्रत्येक वाट्यात सुमारे ०.४ ग्रॅम मीठ, म्हणजे १६५ मि.ग्रॅ. सोडियम येते.

लाह्या घरी करावयाच्या असल्यास ज्वारी निवडून तिच्यावर कोमट पाण्याचा हबका मारावा व ओल्या फडक्यात काही तास बांधून ठेवावी. नंतर लोखंडी कढई चांगली तापवून थोडी थोडी ज्वारी टाकावी व फडक्याच्या बोळ्याने दाबत फोडावी. सर्वच वाणांच्या लाह्या चांगल्या फुटत नाहीत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ व पापडासाठी ‘फुले रोहिणी’ हे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहेत. घरच्या वापरापुरते एखादे सरे या वाणांचे पेरण्यास हरकत नाही.

२) पातळ पोह्यांचा चिवडा
साहित्य : पातळ पोहे २५० ग्रॅम, शेंगदाणे २५ ग्रॅम, तेल ५-६ चमचे, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मोहरी, तीळ १ चमचा, धने-जिरे पूड, हळद, आमचूर, बारीक मीठ १ सपाट चमचा.
कृती : पोहे उन्हात तापवून किंवा मंद आचेवर भाजून कुरकुरीत करावेत. फोडणीत प्रथम दाणे तळून, नंतर मिरची, कढीपत्ता, तीळ व पोहे घालून परतावे. मीठ, आमचूर व धने-जिरे पूड शेवटी घालावी. डाळे व सुके खोबरे घालू नये. पोटॅशियम वाढलेले असल्यास शेंगदाणेही वगळावेत.
सुमारे ३०० ग्रॅम चिवडा होतो. ३० ग्रॅमच्या एका वाट्यात अर्धा ग्रॅम मीठ येते.

घरातील इतर मंडळींसाठी वेगळा चिवडा करण्याची गरज नाही. सर्वांचा एकच कमी मिठाचा चिवडा करावा, ज्याला हवे त्याने आपल्या बशीत वरून मीठ घ्यावे. रुग्णाला एकटा पाडून अळणी खाण्यास लावले की तो चोरून खारे खातो, हा पुष्कळ घरांतील अनुभव आहे.

उन्हाळी वाळवणे

चैत्र-वैशाखात वर्षाचे पापड, पापड्या, कुरडया, खारवड्या होतात. एकदा पिठात घातलेले मीठ व पापडखार नंतर काढता येत नाही. म्हणून घरात रुग्ण असेल तर वाळवण घालतानाच विचार करावा. तांदळाच्या पापड्या व गव्हाच्या कुरडया पापडखाराशिवाय होतात. त्यांत नेहमीच्या निम्मेच मीठ घालून जिरे, तीळ व मिरचीचे प्रमाण वाढवावे. मिठामुळे पीठ टिकण्यास मदत होते, म्हणून कमी मिठाचे वाळवण कडक उन्हात पूर्ण वाळवावे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे व डब्यावर चिठ्ठी लावावी. उडदाचा पापड मीठ व पापडखार यांशिवाय नीट होत नाही. तो रुग्णाच्या ताटातून वगळलेलाच बरा. भाजून खाल्ला तर चालतो, असे काहीजण समजतात. भाजल्याने तेल वाचते, मीठ तेवढेच राहते.

विकतचे पाकीट घेताना

पाकिटाच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात सोडियमचा आकडा १०० ग्रॅमला किती, हे मि.ग्रॅ.मध्ये दिलेले असते. समजा, तेथे ८०० मि.ग्रॅ. लिहिले आहे व पाकीट ४० ग्रॅमचे आहे. तर पाकीट संपविल्यास ३२० मि.ग्रॅ. सोडियम पोटात जाईल. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे येथे ८०० मि.ग्रॅ. किंवा ०.८ ग्रॅम. ‘भाजलेले’, ‘मल्टिग्रेन’, ‘बिनतेलाचे’ हे शब्द मिठाविषयी काहीही सांगत नाहीत. घटकांच्या यादीत ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ हे क्रमांक दिसल्यास ते फॉस्फेटचे क्षार आहेत, ६२१ म्हणजे अजिनोमोटो. सुट्या फरसाणावर असा तक्ता नसतो. त्याचा हिशेब लागत नाही, म्हणून तो रुग्णाला देऊ नये.

कोणी अधिक जपावे

मधुमेह असलेल्या रुग्णाने मुरमुरे, पोहे व लाह्या यांचे प्रमाणही मर्यादित ठेवावे, कारण फुललेले धान्य लवकर पचून रक्तातील साखर लवकर वाढते. चिवड्यात पिठीसाखर घालू नये.

काही थोड्या रुग्णांची मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू शकत नाहीत व लघवीवाटे ते जास्त बाहेर जाते. अशांनी मीठ तोडल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. जुलाब-उलट्या झाल्यास किंवा उन्हात राबून खूप घाम गेल्यासही मिठाचा व पाण्याचा हिशेब बदलतो. त्या वेळी मनाने मीठ वाढवू नये किंवा तोडू नये, आपल्या डॉक्टरांस विचारावे. सूज वाढणे, एका-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, आडवे पडल्यावर धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती पथ्यात वेळ न घालविता रुग्णालयात जावे.

महिला बचत गटांसाठी

ज्वारीच्या लाह्या, भाजके पोहे व बाजरीचे खाऊ तयार करून विकणाऱ्या महिला गटांनी कमी मिठाचा एक प्रकार जरूर ठेवावा. रक्तदाबाचे रुग्ण प्रत्येक गावात आहेत व त्यांना तो हवा असतो. प्रत्येक घाण्यास मीठ तोलून घालावे व दर १०० ग्रॅमला किती सोडियम येते, ते पाकिटावर स्पष्ट छापावे. ‘किडनीवर गुणकारी’ असे काही छापू नये. कोणताही चिवडा मूत्रपिंडाचा विकार बरा करीत नाही, आणि अशा शब्दांवर विसंबून रुग्ण औषध सोडण्याचा धोका असतो.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी. लोणचे, पापड, सोडा यांतील सोडियमही याच हिशेबात धरावे.
२) एका वेळच्या खाऊत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नसावे.
३) ज्वारीच्या व साळीच्या बिनमिठाच्या लाह्या आणि पातळ पोहे यांना पसंती द्यावी. बेसनाची शेव, फरसाण, खारे दाणे-फुटाणे टाळावेत.
४) पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ रुग्णास देऊ नये. सैंधव हेही मीठच आहे.
५) पापडखार, सोडा, चाट मसाला व खारे कुरमुरे यांतील सोडियम विसरू नये.
६) क्रिएटिनिन, पोटॅशियम व फॉस्फरस यांच्या तपासण्यांचे कागद जपून ठेवावेत व पथ्य त्यांवरून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावे.

मूत्रपिंडाचा विकार वर्षानुवर्षे चालतो. पथ्यही तितकेच दिवस पाळता येईल असे असावे लागते. रुग्णाला दुपारी चहाबरोबर मूठभर कुरकुरीत लाह्या मिळाल्या, तर बाकीचे अळणी जेवण तो राजीखुशीने घेतो. त्यासाठी मिठाच्या बरणीत सपाट मापाचा एक चमचा कायम ठेवावा आणि रोजचे मीठ त्यानेच मोजून घ्यावे.